वजनकाटा गप्प, स्नायू मात्र उतरताहेत: चौथ्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर

मोजपट्टी | सोमवार, रात्री ९:१२

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रत्येक धाग्यावर एक प्रश्न हमखास येतो: "वजन उतरतंय, काय खायला द्यावं?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. उतरतंय ते काय? चरबी, पाणी की स्नायू? आणि काटा जागचा हलत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचं तर आणखीच अवघड. म्हणून हा वेगळा धागा.

२०१० साली कॅनडातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नॉन-स्मॉल सेल (फुप्फुसाच्या कॅन्सरचा जास्त आढळणारा) प्रकाराच्या ४४१ पेशंटांचे सीटी स्कॅन त्यात मोजले होते. बीएमआयने (वजन भागिले उंचीचा वर्ग) 'कृश' ठरतील असे जेमतेम ७.५ टक्के. स्नायूंचं प्रमाण कमी असलेले मात्र जवळपास ४७ टक्के. पुरुषांत ६१, बायकांत ३१. म्हणजे पोट सुटलेलं, गाल भरलेले आणि आतून मांड्या-पाठ रिकामी, असे पेशंट ढिगाने असतात आणि नजरेला कळत नाहीत.

व्याख्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतली धरू. कॅकेक्सिया, म्हणजे कॅन्सरमुळे होणारी स्नायूंची झीज, म्हणायचं ते असं: सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं, किंवा बीएमआय २० च्या खाली आहे आणि २ टक्क्यांपेक्षा जास्त गेलं, किंवा स्नायू मोजून कमी भरलेत आणि २ टक्क्यांपेक्षा जास्त गेलं. त्याआधीची पायरी पूर्व-कॅकेक्सिया, आणि शेवटची उपचारांना दाद न देणारी. हातात काही करण्यासारखं असतं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर.

उपाशी राहिल्याने होणारी झीज वेगळी आणि ही वेगळी. उपाशी शरीर आधी चरबी वापरतं, स्नायू शक्यतो राखतं. इथे दाह पेटलेला असतो. आयएल-६, जीडीएफ-१५ वगैरे रेणू भूकही मारतात आणि स्नायूंतली प्रथिनं मोडायची यंत्रणाही चालू ठेवतात. त्यामुळे नुसतं ताट भरून देऊन हिशेब जुळत नाही. ताट अर्धं परत गेलं तर मात्र तो आणखी बिघडतो, हेही तितकंच खरं.

मोजमाप, व्यायाम, औषधं यांवर जाणकारांनी लिहावं. आहाराचं मी शेवटी लिहिते.

तिसरामणका | सोमवार, रात्री १०:४०

मोजमापाचं मी घेतो. गंमत अशी की वेगळी तपासणी लागतच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ट्यूमर बघायला सीटी होतोच, स्नायूंची माहिती त्याच फायलीत पडून असते. रिपोर्टात ती येत नाही, कारण कोणी विचारत नाही.

पद्धत अशी. कमरेचा तिसरा मणका, एल-३. त्याचे दोन्ही बाजूंचे आडवे काटे पूर्ण दिसतील असा एक काप निवडायचा. त्या कापातले सगळे स्नायू धरायचे: सोआस (मणक्यालगतून मांडीकडे जाणारा), पाठीचे उभे स्नायू, क्वाड्रेटस लंबोरम (कमरेच्या बाजूचा) आणि पोटाच्या भिंतीचे. हाउन्सफिल्ड (सीटीवर घनता मोजायचं एकक, एचयू) मर्यादा उणे २९ ते अधिक १५०. या पट्ट्यात बसणारं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं. झाला स्नायू निर्देशांक.

उदाहरण घेऊ. उंची १.६८ मीटर, वजन ७६ किलो, सहा महिन्यांपूर्वी ८२. क्षेत्रफळ भरलं १२८. उंचीचा वर्ग २.८२. भागाकार ४५.४. पेशंट पुरुष, बीएमआय २७. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीमारेषा अशा: बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या पुरुषांना ५३, त्याखाली ४३, बायकांना सरसकट ४१. म्हणजे हा गृहस्थ दिसायला धष्टपुष्ट, पण स्नायूंत बराच खाली. वजनातली घट ७.३ टक्के. कॅकेक्सियाच्या व्याख्येत चोख बसतो, आणि वॉर्डात त्याला कोणी 'बारीक झालात' असं म्हणणार नाही.

दुसरा आकडा तितकाच मोलाचा: त्याच स्नायूंची सरासरी घनता. स्नायूत चरबी मुरली की घनता उतरते. सीमा: बीएमआय २५ च्या खाली असेल तर ४१ एचयू, वर असेल तर ३३. क्षेत्रफळ शाबूत आणि घनता कमी, असंही दिसतं. मटेरियल आहे, ताकद नाही.

इमेज-जे किंवा थ्रीडी स्लायसर या संगणक-प्रोग्रामांवर फुकट मोजता येतं. चुका कुठे होतात ते सांगतो, कारण आकडा चुकीचा काढण्यापेक्षा न काढलेला बरा:

आतड्यातला माल त्याच घनतेच्या पट्ट्यात येतो. थ्रेशोल्ड लावून 'झालं' म्हटलं की पोटातलं अर्धं जेवण स्नायू म्हणून मोजलं जातं. पोटाच्या भिंतीच्या आतल्या कडेने हाताने रेघ मारावीच लागते.

मणका चुकतो. काहींना कमरेचे सहा मणके असतात. खालून मोजत वर जाण्यापेक्षा शेवटच्या बरगडीपासून खाली यावं, आणि पुढच्या स्कॅनला तोच मणका धरावा.

कॉन्ट्रास्ट दिलेल्या स्कॅनमध्ये घनता काही एककांनी वाढते. एकदा साधा, एकदा कॉन्ट्रास्टचा अशी तुलना केली तर 'स्नायू सुधारले' असं खोटं समाधान मिळतं.

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो इथे शून्य कामाचा. मूळ डायकॉम फाइल असलेली सीडी हवी.

आणि दोन स्कॅनमध्ये २ टक्क्यांच्या आतला फरक असेल तर त्यावर काही बोलू नये. तेवढी तर रेघ मारणाऱ्याच्या हाताची चूक असते.

काळीमांजर | सोमवार, रात्री ११:०५

फुप्फुसाच्या पेशंटला बहुतेकदा छातीचाच सीटी असतो. तो एल-३ पर्यंत पोचतो का? आणि नुसता सोआस मोजला तर चालतं ना? बऱ्याच पेपरांत तसंच दिसतं.

तिसरामणका | सोमवार, रात्री ११:३१

पहिला मुद्दा बरोबर. छातीचा सीटी ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत घेतात, तो साधारण एल-१ च्या आसपास संपतो. मार्ग दोन. पेट-सीटी झालेला असेल तर त्यात एल-३ असतोच; त्याचा सीटी कमी मात्रेचा असला तरी क्षेत्रफळाला पुरतो. नसेल तर एल-१ किंवा टी-१२ (छातीचा शेवटचा मणका) च्या पातळीवर मोजावं. पण तो आकडा एल-३ च्या सीमारेषांना लावायचा नाही. त्याचा उपयोग त्याच पेशंटच्या मागच्या आकड्याशी ताडून बघायला. खरं तर एकाच माणसाची घसरण बघायला सीमारेषा लागतच नाहीत.

सोआसचं: पेपरांत दिसतं कारण मोजायला दोन मिनिटं लागतात. पण तो एकूण क्षेत्रफळाचा छोटा हिस्सा. रेघेतली बारीक चूक टक्क्यांत मोठी होते. माझं मत, वेळ नसेल तर मोजू नका, पण सोआसवर निर्णय घेऊ नका.

खुर्चीउठबस | मंगळवार, सकाळी ७:५०

सीटीचा आकडा हाती येईस्तोवर थांबायची गरज नाही. घरी तीन गोष्टी मोजता येतात आणि त्यातून कामाची ताकद कळते, जी सीटीत दिसत नाही.

खुर्ची. उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर, हात नसलेली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली, म्हणजे मागे सरकत नाही. हाताची घडी छातीवर. 'सुरू' म्हटल्यावर पाच वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं. आशियाई निकष: १२ सेकंद किंवा जास्त लागले तर कमी. युरोपीय निकष १५ च्या वर. इथे बघायचं काय तर वेळेइतकंच उठण्याची तऱ्हा. पेशंट आधी पावलं मागे घेतो, मग धड पुढे झोकून देतो, आणि तिसऱ्या वेळी नकळत हात मांडीवर टेकवतो. हात टेकला की चाचणी तिथेच थांबवा, 'तीन' असं लिहा. पुढच्या महिन्यात चार झाले तरी ती सुधारणा आहे. सोफ्यावर घेतलेली चाचणी बाद. बैठक खोल असते, गुडघे वर राहतात आणि चांगला माणूसही नापास होतो.

पकड. हँडग्रिप यंत्र असेल तर बसून, कोपर ९० अंशांत, प्रत्येक हाताला तीन प्रयत्न, सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. आशियाई सीमा पुरुषांना २८ किलो, बायकांना १८. युरोपीय २७ आणि १६. सिस्प्लॅटिनने बोटं बधिर झालेल्याची पकड स्नायूंशिवायही उतरते, हे विसरू नका.

पोटरी. बसून, गुडघा काटकोनात, सर्वांत जाड भागाला टेप, मांस दाबायचं नाही. पुरुष ३४ सेंटिमीटरच्या खाली, बाई ३३ च्या खाली असेल तर संशय. घोट्याला सूज असेल तर हे मोजूच नका. अंगठ्याने पाच सेकंद दाबून खड्डा राहतो का ते आधी बघा.

वजनही घ्याच, पण त्याच काट्यावर, सकाळी, लघवी करून, हलक्या कपड्यांत. आणि शेजारी नोंद: सूज आहे का, छातीतलं पाणी काढलं का. प्लुरल टॅप करून दीड लिटर पाणी काढलं की काटा दीड किलोने उतरतो, घर हादरतं. उलट पाणी साठत असताना तीन किलो स्नायू गेले तरी काट्याला पत्ता नसतो.

व्यायामाचं दुपारी लिहितो.

डबलब्लाइंड | मंगळवार, सकाळी ११:२०

धागा छान चाललाय, पण 'जगणं' या शब्दाभोवती जरा जपून चाला. या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

संबंध आहे, यात वाद नाही. २०१३ च्या ज्या अभ्यासातल्या सीमारेषा वर आल्यात, त्यात फुप्फुस आणि पचनमार्गाच्या कॅन्सरचे १४७३ पेशंट होते. वजनातली घट, कमी स्नायू निर्देशांक, कमी घनता या तिन्ही गोष्टी असणाऱ्यांचं मध्यक जगणं (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) ८.४ महिने. तिन्हींपैकी एकही नसणाऱ्यांचं २८.४. आणि तिन्ही असणारे लठ्ठ होते की बारीक, याने काही फरक पडला नाही. हे आकडे गटाचे आहेत, मिश्र कॅन्सरांचे आहेत, आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती चेतवणारे उपचार) सर्रास मिळायच्या आधीचे आहेत. कृपया आपल्या पेशंटच्या फायलीवर ते चिकटवू नका.

आता खरा मुद्दा. स्नायू कमी म्हणून माणूस लवकर जातो, की आजार आक्रमक म्हणून दोन्ही होतं? बहुधा दोन्ही, आणि वाटणी किती हे या अभ्यासांतून सांगता येत नाही. एक छान पुरावा बघा. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध ज्यांच्या शरीरातून लवकर निघून जातं त्यांचं जगणं कमी असतं. सरळ विचार केला तर वाटेल, डोस वाढवा. पण २ मिलिग्रॅम प्रति किलो आणि १० मिलिग्रॅम प्रति किलो या दोन्ही डोसांत हे नातं तसंच राहिलं. औषध कमी पडत नव्हतं. शरीर सगळीच प्रथिनं झपाट्याने मोडत होतं, अँटीबॉडी त्यातलंच एक प्रथिन. वेगाने निघून जाणारं औषध ही झिजेची खूण होती.

दुसरी बाजू: स्नायू वाढवणारं औषध देऊन बघितलं की काय होतं? ॲनामोरेलिनच्या रोमाना नावाच्या दोन चाचण्या, २०१६ साली प्रसिद्ध, नॉन-स्मॉल सेलचेच पेशंट. चरबीविरहित वजन वाढलं. पकड वाढली नाही. २०१७ साली युरोपच्या नियामकांनी मंजुरी नाकारली, २०२१ साली जपानने दिली. जपानची मंजुरी मुख्यतः तिथल्याच वेगळ्या चाचण्यांवर होती.

म्हणून स्नायू राखल्याने चालणं-फिरणं टिकतं, केमो सोसते, न्यूमोनियात खोकून कफ काढायची ताकद राहते, हे म्हणा. 'स्नायू वाढवा, इतके महिने वाढतील' असं कोणी म्हणालं तर पुरावा मागा.

साखरझोप | मंगळवार, दुपारी १२:०२

अहो, मग एवढं मोजून उपयोग काय? प्रोटीन पावडरचे दोन स्कूप वाढवायचे आणि साखर बंद करायची. साखरेवर कॅन्सर पोसतो म्हणतात ना.

औषधवही | मंगळवार, दुपारी १:१५

@साखरझोप, साखरेचं आधी. ट्यूमर ग्लुकोज खातो, पण तुम्ही खाल्लं नाहीत तर यकृत तुमच्याच स्नायूंतल्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवतं आणि रक्तातली पातळी राखतं. म्हणजे साखर बंद करून ट्यूमर उपाशी राहत नाही, मांड्या राहतात. रक्तशर्करा चढलेली असेल तर गोष्ट वेगळी, ती आवरायलाच हवी.

मोजून उपयोग काय, याचं उत्तर: कारण शोधता येतं. 'कॅन्सर आहे, झीज होणारच' म्हणून सोडून दिलेल्या पेशंटांत दुरुस्त होण्यासारखं कारण निघतं ते असं.

सर्वांत आधी स्टेरॉइड. पेमेट्रेक्सेड या केमोबरोबर दर २१ दिवसांनी डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम दोनदा, तीन दिवस. तेवढ्याने मोठं नुकसान सहसा होत नाही. पण मेंदूत गाठी आहेत, सूज आहे, म्हणून रोज ८ ते १६ मिलिग्रॅम आठवडेच्या आठवडे चालू राहिलं की मांड्या आणि नितंब जातात. ओळख सोपी: पकड बरी, चालणं बरं, पण खालच्या कमोडवरून उठता येत नाही, जिना चढता येत नाही. सीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) नॉर्मल. रेडिएशन होऊन महिना झाला तरी पहिल्या दिवशीचाच डोस पानावर चालू आहे का, हे दर भेटीला विचारा. स्वतःहून एकदम बंद मात्र करायचं नाही. काही आठवडे घेतलेलं असेल तर ॲड्रिनल ग्रंथी झोपलेली असते, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनत नाही.

इम्युनोथेरपी चालू असेल तर 'झीज' म्हणण्याआधी रक्त तपासा. थायरॉइडचे टीएसएच आणि टी-४, सकाळी आठ-नऊला कॉर्टिसोल (ॲड्रिनलचं संप्रेरक), सोडियम, शर्करा. ॲड्रिनल कमी पडल्याने येणारा थकवा, भूक जाणं, वजन उतरणं हे कॅकेक्सियाची हुबेहूब नक्कल करतं आणि हायड्रोकॉर्टिसोनने दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. आणि पापणी उतरली, मान धरवत नाही, गिळताना ठसका, श्वास लागतो, असं काही आठवड्यांत आलं असेल तर ती झीज नव्हे, मायोसायटिस (स्नायूंचा दाह) असू शकते. सीके, ट्रोपोनिन, ईसीजी, त्याच दिवशी. हृदयाचा स्नायूही सोबत सापडतो.

कॅल्शियम वाढलेलं, अफूजन्य गोळ्यांनी बद्धकोष्ठता, तोंडातली बुरशी: तीन साधी कारणं, तिन्ही भूक मारतात, तिन्ही बरी होतात. स्मॉल सेल प्रकारात मांड्यांची कमजोरी आणि तोंड कोरडं एकत्र दिसलं तर लँबर्ट-ईटन सिंड्रोमही (नसेकडून स्नायूला संदेश नीट न पोचण्याचा आजार) डोक्यात असू द्या.

ट्यूमरवरच्या गोळ्यांपैकी क्रिझोटिनिबने पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं. लॉरलॅटिनिबने वजन चढतं, पण ते स्नायूंचं नसतं; घरचे खूश होतात, सीटीत चित्र तेच राहतं.

आता भुकेची औषधं. ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम, रात्री. पाँडिचेरीच्या जिपमर संस्थेतली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, १२४ पेशंट, पोट-यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुस. १२ आठवड्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलं ते औषधाच्या गटात ६० टक्के, प्लासिबोत (नकली गोळी) ९. मोजलं ते वजन, हे @डबलब्लाइंड म्हणायच्या आधीच म्हणतो. झोप येते, आणि मेटोक्लोप्रमाइड या उलटीच्या औषधासोबत शक्यतो नको. मेजेस्ट्रॉलने भूक येते, वाढतं ते मुख्यतः चरबी आणि पाणी, वर रक्तात गुठळी होण्याचा धोका. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो आधीच जास्त. जीडीएफ-१५ ला अडवणारं पोन्सेग्रोमॅब २०२४ साली दुसऱ्या टप्प्याच्या, प्लासिबो गटासह १८७ पेशंटांच्या चाचणीत तपासलं. सर्वांत मोठ्या डोसने १२ आठवड्यांत प्लासिबोपेक्षा सरासरी २.८१ किलो जास्त. आशा ठेवण्यासारखं, इतकंच.

खुर्चीउठबस | मंगळवार, दुपारी ३:३०

व्यायाम. आधी कोणाला नाही ते, कारण नुकसान तिथे होतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात गाठ असेल तर एका पायावर भार, उडी, जिना यांतलं काही नाही, ऑर्थोपेडिकने बघेपर्यंत. मणक्यात असेल तर वजन घेऊन वाकणं आणि कमरेतून पिळणं बंद. पाठदुखी आडवं पडल्यावर वाढते, पायांत जोर कमी वाटतो, लघवी अडते: व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी एमआरआय. प्लेटलेट २० हजारांच्या खाली असतील तर वजनाचे व्यायाम नाहीत. ताप असेल तर नाही. ऑक्सिजन ८८ च्या खाली जात असेल तर थांबा, श्वास जमवा.

बाकीच्यांना आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. चार हालचाली पुरतात: खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, इलॅस्टिक पट्टा छातीकडे ओढणं, भिंतीवर जोर. प्रत्येकी ८ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. श्रम शून्य ते दहाच्या पट्टीवर ४ च्या आसपास: वाक्य पुरं बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. दोन दिवस सलग सोपं वाटलं की आवृत्त्या १० करा, मग खुर्ची थोडी खाली. उठताना श्वास सोडायचा. धरून ठेवला की चक्कर येते आणि पेशंट पुन्हा करायला घाबरतो.

उरलेल्या दिवशी चालणं तुकड्यातुकड्यांत. दोन मिनिटं चाल, एक मिनिट उभं, असं पाच वेळा. सलग दहा मिनिटांचा हट्ट नको.

गाडी रुळावरून घसरते ती केमोनंतरच्या पहिल्या पाच दिवसांत. 'बरं वाटलं की करू' म्हणतात आणि तिसऱ्या सायकलला मूळ पायरीच्या खाली गेलेले असतात. त्या दिवसांत फेऱ्या निम्म्या करा, शून्य नको. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन गेलं, असं २००७ सालच्या अभ्यासात दिसलं. ते निरोगी होते.

@डबलब्लाइंड विचारतीलच: २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) सहा अभ्यास, २२१ पेशंट. प्रगत फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये व्यायामाने चालण्याची क्षमता आणि जीवनमान सुधारलं. त्याहून मोठा दावा करत नाही.

डबलब्लाइंड | मंगळवार, दुपारी ३:४४

विचारणारच होतो. आभार.

मोजपट्टी | मंगळवार, रात्री ९:२०

आहार. @तिसरामणका यांचाच ७६ किलोचा माणूस घेऊ. उष्मांक दर किलोला २५ ते ३०, म्हणजे १९०० ते २२८०. प्रथिनं दर किलोला किमान १ ग्रॅम, जमल्यास १.२ ते १.५, म्हणजे ९१ ते ११४ ग्रॅम. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर आकडा डॉक्टरांना विचारून.

कागदावर सोपं, ताटात अवघड. अंड्यात ६ ग्रॅम. पाव लिटर दुधात ८. म्हणजे चार अंडी आणि अर्धा लिटर दूध संपवलं तरी ४० च. म्हणून आकारमान न वाढवता प्रथिनं वाढवायची: त्याच पाव लिटर दुधात ३० ग्रॅम सायविरहित दूध पावडर घोळली की १८ ग्रॅम होतात, पेला तेवढाच राहतो. पावडर आधी थोड्या कोमट दुधात फेटून मग उरलेलं दूध घालावं. सरळ गरम दुधात टाकली की गोळे होतात आणि पहिल्या घोटालाच पेशंट नको म्हणतो.

वाटणीही बघा. सकाळी चहा, दुपारी थोडं, रात्री सगळं, असं ९० ग्रॅम खाण्यापेक्षा एका वेळी २५ ते ३० ग्रॅम असं तीन-चारदा बरं. व्यायामानंतरच्या तासा-दोन तासांत त्यातला एक वाटा.

@साखरझोप, तुमचे दोन स्कूप वाईट नाहीत. पण बहुतेक घरांत पावडर जेवणाऐवजी जाते, जेवणावर नाही. मग प्रथिनं तेवढीच राहतात आणि उष्मांक घटतात. उष्मांक कमी पडले की शरीर ती प्रथिनं सरपण म्हणून जाळतं. पावडर द्यायची तर दोन जेवणांच्या मध्ये.

धाप लागणाऱ्यांसाठी: जेवताना श्वास आणि गिळणं यांची ओढाताण होते, चार घासांत दमतात. जेवणाआधी वीस मिनिटं पडून राहणं, इनहेलर असेल तर आधी घेणं, ऑक्सिजन चालू असेल तर जेवतानाही नळी नाकाला ठेवणं, मऊ पदार्थ. पाणी जेवणासोबत नको, पोट त्यानेच भरतं. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलच्या जागी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा आणि पदार्थ कोमट-गार.

माशाच्या तेलातलं ईपीए हे स्निग्धाम्ल, दिवसाला २ ग्रॅम: भूक-वजनाला थोडी मदत होऊ शकते. कॅप्सूलच्या वेष्टणावर 'मासळीचं तेल १००० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं, त्यात ईपीए बहुधा १८० असतं. मागची बारीक अक्षरं वाचा. क्रिएटिन या पेशंटांत चाचणीत निष्फळ ठरलंय, पैसे वाचवा.

अल्ब्युमिन उतरलं म्हणून 'प्रोटीन कमी पडतंय' असं समजू नका. दाहात यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, ही जोडी दाह सांगते, ताट नाही.

काळीमांजर | मंगळवार, रात्री १०:०६

शेवटच्या पायरीबद्दल कोणीच लिहिलं नाही. दाद न देणारी कॅकेक्सिया. तिथे यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

औषधवही | मंगळवार, रात्री १०:५२

दिवसाचा बराचसा वेळ अंथरुणात, कॅन्सर उपचारांना जुमानत नाही, आणि आयुष्य तीन महिन्यांच्या आत दिसतंय, अशी ती पायरी. पेशंटांचे स्कॅन मागून तपासलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की स्नायू वाढण्याची किंवा टिकण्याची शक्यता मृत्यूच्या ९० दिवस आधीपर्यंतच बरी असते. त्यानंतर शरीर घेत नाही. घरचे भरवतात, पेशंट त्यांच्यासाठी गिळतो, मग मळमळ, ठसका, आणि वर 'तुम्ही खात नाही म्हणून' हे ऐकणं. काटा बंद करा. ग्रॅम मोजणं बंद. आवडीचा घास, मागेल तेव्हा, मागेल तेवढा. नळीने किंवा शिरेतून अन्न इथे सहसा फायद्याचं नसतं, शिरेतल्या पाण्याने कफ आणि सूज मात्र वाढते. तोंड ओलं ठेवणं, कुशी बदलणं, सांधे हलवणं, हे ठेवा.

आणि पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारी) टीम इथे येऊन बोलवायची नसते. २०१० सालच्या चाचणीत १५१ पेशंटांपैकी निम्म्यांना निदानापासूनच ती जोडून दिली. मध्यक जगणं ११.६ महिने विरुद्ध ८.९.

तिसरामणका | बुधवार, सकाळी ८:१५

परवाच्या पोस्टला एक पुरवणी. काहींनी निरोप पाठवून विचारलंय की रिपोर्टात हे यावं म्हणून काय मागायचं. स्कॅनच्या चिठ्ठीवर ऑन्कॉलॉजिस्टकडून एक ओळ लिहून घ्या: "एल-३ पातळीवर स्नायू क्षेत्रफळ आणि सरासरी घनता, मागील स्कॅनशी तुलना." चिठ्ठीवर उंचीही लिहा. निर्देशांक अडतो तो बहुतेकदा तिथेच. उंची कुठे नोंदलेलीच नसते.

खुर्चीउठबस | बुधवार, सकाळी ८:४०

आणि ती आज मोजलेली हवी. मणके दबलेल्या पेशंटची उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी झालेली असते. मग निर्देशांक काढताना कुठली धरायची?

तिसरामणका | बुधवार, सकाळी ९:०२

आजाराआधीची, कागदपत्रांत असेल तर. आजची धरली तर भागाकार फुगतो आणि स्नायू आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. १६८ ऐवजी १६४ घातले की वरचेच ४५.४ होतात ४७.६. कुठली उंची धरली ते आकड्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या स्कॅनला तीच येईल.